नवव्या प्रश्नाचं उत्तर

वारजे, पुणे
१२ जून २००३

चि. शर्मिला,

तुझं कार्ड मिळालं, पण दोन दिवस उशिरा. ते दोन दिवस खाली वॉचमनच्या टेबलावर पडून होतं, लिहिलेली बाजू वर. जो येईल तो आपली पत्रं शोधताना तुझं कार्ड उचलून बाजूला ठेवत होता. आणि तुझी पहिलीच ओळ, ठसठशीत अक्षरात, 'सप्रेम जयभीम'. कोणी वाचलं, कोणी नाही, हे विचारू कुणाला? तेव्हापासून जिन्यात कोणी हसलं नाही की वाटतं, यांनी वाचलं.

तेव्हा यापुढे पाकिटातून पाठव. तिकिटाचे पैसे जास्त जातील, जाऊ देत. मी असं म्हणते आहे म्हणजे किती घाबरले असेन ते ओळख.

येरवड्याची खोली सोडून इथे आलो त्याला पाच महिने झाले. इथे कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. गायकवाड म्हटलं की लोक आपल्या मनाने काय ते समजतात. तुझे दादा म्हणतात, समजू देत. भगवंतांची मूर्ती आतल्या खोलीत कपाटात ठेवली आहे. पहाटे वंदना म्हणते ती पंखा लावून, म्हणजे आवाज भिंतीपलीकडे जात नाही. जानेवारीत कुडकुडत पंखा लावला, आता निदान उकाडा तरी आहे.

तू म्हणशील वहिनीला वेड लागलं. पण गेल्या आठवड्यात बी विंगेतलं एक घर भाड्याने बघायला एक जोडपं आलं होतं. आडनाव विचारलं आणि 'अहो, कालच गेलं' म्हणून सांगितलं. ते घर आजही रिकामं आहे. निकिता नववीत आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणी याच इमारतीतल्या. एकदा कळलं की आमच्या दारावरची बेल कोण वाजवेल?

आता तुझ्या कामाचं. चाळीस घरी जाऊन, सांडपाणी शुद्ध करून परत वापराल का, असं विचारायचं, एवढं समजलं. तू पीएच.डी. करतेस, मी मॅट्रिक, पण फॉर्म भरायला मॅट्रिक पुरते. पाठव. फोन करू नकोस. फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये नेहमी कोणीतरी बसलेलं असतं. शिवाय फोनवर तू मला मधेच तोडतेस.

तुझी वहिनी
हिरा


दिल्ली
२४ जून २००३

प्रिय वहिनी,

पाकिटातून लिहिते आहे, म्हणून आत मोठ्याने: जयभीम!

रागावू नका. पण आई गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत, आणि हे लपवायचं असतं असं तुम्ही कधी शिकवलं नव्हतंत. असो. इथून सांगणं सोपं आहे, तिथे तुम्ही राहता.

फॉर्म सोबत आहेत. येरवड्यात अकरा घरांना एक नळ होता, आठवतं? आधी कोणी भरायचं आणि नंतर कोणी, हे कोण ठरवतं, हा प्रश्न मला त्या रांगेत पडला होता. आता त्यालाच जलव्यवस्थापन म्हणतात आणि त्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. पुणं वाढतंय, खडकवासला वाढणार नाही. वापरलेलं पाणी शुद्ध करून संडासाच्या टाक्यांना, बागेला वापरावंच लागेल. यंत्रं आहेत. लोक 'हो' म्हणतील का आणि 'नको' म्हणाले तर का, एवढंच कुणी विचारलेलं नाही. माझा प्रबंध त्यावर आहे.

सातवा प्रश्न: इमारतीचं आणि आसपासच्या वस्त्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करून आलेलं पाणी घरात वापराल का? नववा: नसेल तर का? वहिनी, हा नववा प्रश्न म्हणजे माझा सगळा प्रबंध. तिथे बायका बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तुम्ही सुधारू नका, गाळू नका. जागा कमी पडली तर मागे लिहा.

तुम्हाला भीती वाटते असं पत्रावरून वाटलं. पाण्याला घाबरण्यासारखं काही नाही. मी स्वतः हात धुतले आहेत त्या पाण्याने.

तुमची
शर्मिला


वारजे, पुणे
१७ ऑगस्ट २००३

चि. शर्मिला,

चाळीस फॉर्म रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत. सतरा घरं 'चालेल' म्हणाली, तेवीस 'नको'. नकोचं कारण सगळ्यांचं एकच आहे, वास येतो. तेवीसच्या तेवीस.

सुरुवात दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंपासून केली. त्या सोसायटीच्या खजिनदार, त्यांनी भरला की बाकीच्या भरतात. म्हणाल्या, "अहो गायकवाड, नळाला चार चार दिवस पाणी नसतं तेव्हा कोणी फॉर्म घेऊन येत नाही. आणि आता आमच्याच मोरीतलं आम्हालाच परत? काटकसर मलाही कळते हो, पण इतकी नाही!" मग चहा केला. "बसा, आधी चहा, मग तुमचा संडास."

समोरची दीपमाला यवतमाळकडची, तिचे मिस्टर रंगनाथ कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. तिने तर दार उघडताच हात धरून आत ओढलं. "काऊन उभ्या वहिनी बाहेर? या ना!" तिच्याकडेही चहा झाला. असे एकूण चौतीस चहा झाले. पित्त वाढलं, पण साखर घरची वाचली.

काही जणी फार बोलल्या. सगळं काही लिहून होत नाही.

एक मात्र कर. प्रबंधात सोसायटीचं नाव घालू नकोस. आणि फॉर्म कोणी भरून घेतले तेही नको. माझ्यासाठी एवढं कर.

हिरा


दिल्ली
५ मार्च २००६

प्रिय वहिनी,

मोठी बातमी. मागच्या वर्षी डॉक्टरेट मिळाली तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत, नुसता पेढ्यांचा भाव कळवलात. आता तरी वाटा. माझा तुमच्या चाळीस घरांवरचा लेख छापून आला, आणि त्यावर पुढचं काम मिळालं आहे. कुठे, ओळखा. वारज्यात!

लेखाचा मुद्दा साधा आहे. लोकांना पुनर्वापराचा विटाळ नाही, वासाचा त्रास आहे. म्हणजे वास काढला की प्रश्न सुटला. मी करारावर काम करते त्या संस्थेने तसं संयंत्र बसवायचं ठरवलं आहे. तुमच्या रांगेतल्या आठ सोसायट्या आणि नाल्यापलीकडची वस्ती, सगळ्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध होईल. ते सोसायट्यांच्या फ्लशला आणि बागेला. वस्तीतलं उघडं गटार बंद होऊन तिथे नळ येतील. तुमच्या धोंडिबामामांच्या दारातून वाहतं ना ते गटार? तेच.

हे झालं तर संस्था मला कायम करेल. नाही तर करार मे अखेर संपतो.

दोन एप्रिलला तुमच्या पार्किंगमध्ये आठही सोसायट्यांची बैठक आहे. मी तुमच्याकडेच उतरेन. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे की हे काम माझ्या वहिनीने घरोघर जाऊन केलं म्हणून झालं.

शर्मिला


वारजे, पुणे
१४ मार्च २००६

चि. शर्मिला,

तुझं पत्र वाचून मी जी बसले ती कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही.

माझ्याकडे उतरू नकोस. निकिताची अकरावीची परीक्षा आहे असं मी सगळ्यांना सांगेन, तूही तसंच समज. कर्वेनगरला तुझी मैत्रीण आहे, तिच्याकडे राहा. बैठकीत माझं नाव घेऊ नकोस. मला ओळख दाखवू नकोस. तुझं भाषण पेपरात येतं, तू कुठून आलीस ते तू लपवत नाहीस, ते तुला शोभतं. पण तू माझी नणंद हे कळलं की आम्ही कोण हे त्याच क्षणी कळेल.

मला माहीत आहे मी काय लिहिते आहे. तुझ्या वेण्या घातल्या त्याच हाताने लिहिते आहे. तुझ्या दादांना हे पत्र दाखवलं नाही.

आणि होता होईतो ती बैठकच पुढे ढकल. लोक तयार नाहीत. कसं ते विचारू नकोस.

हिरा


दिल्ली
१० एप्रिल २००६

वहिनी,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. मी 'नमस्कार मंडळी' म्हटलं तेव्हा तुम्ही पर्समध्ये काहीतरी शोधत होतात. दोन तास शोधत होतात.

बाकी काय झालं ते तुम्ही पाहिलंच. तरी लिहिते, कारण मला स्वतःला समजून घ्यायचं आहे. शुद्ध केलेलं पाणी मी काचेच्या बरणीत नेलं होतं. बरणी हातोहात फिरली. सगळ्यांनी हुंगलं. एक जण म्हणाले, "आमच्या नळापेक्षा बरं दिसतंय." सगळे हसले. मला वाटलं जिंकले. मग तुमच्या त्या सुशीलाबाईंनी विचारलं, "आणि यात नाल्यापलीकडचंही येणार का?" मी अभिमानाने सांगितलं, हो, दोन्हीकडचं मिळून. तर त्यांनी तीच बरणी परत मागवून घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "छे, वास येतोय."

त्यानंतर सगळ्यांनाच यायला लागला. नऊ हात वर, एकसष्ट विरोधात. त्या नऊ हातांत तुमचा नव्हता.

वहिनी, वास नव्हता. तीन प्रयोगशाळांचे दाखले आहेत माझ्याकडे. एकतीस मेपर्यंत मला अहवाल द्यायचा आहे, माझा निष्कर्ष चुकला कसा. तुम्ही त्या माणसांत राहता. हे लोक कशाला घाबरतात?

शर्मिला


वारजे, पुणे
१८ एप्रिल २००६

शर्मिला,

मी रोज पहाटे पंचशील म्हणते. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तीन वर्षं मी ते भरभर म्हणून पाचव्यावर जाते आहे. आज थांबून लिहिते.

तेवीस फॉर्मांपैकी वास येतो असं सात जणी म्हणाल्या. बाकी सोळा ठिकाणी ते मी लिहिलं.

सुशीलाबाई म्हणाल्या होत्या, "आपलं आपल्यापुरतं असेल तर एक वेळ चालेल. पण त्या लोकांच्या अंगावरून आलेलं पाणी आमच्या घरात? यंत्राने घाण जाते हो, बाकीचं जातं का?" हे बोलताना त्या मला बिस्किटांची बशी पुढे करत होत्या. दीपमाला म्हणाली, "आमच्या गावात त्यांची विहीर अलग असते वहिनी. हे पाणी इथं नळाला आलं तर सासूबाई घरात पाय नाही ठेवायच्या." चौथ्या मजल्यावर एक बाई म्हणाली, "तुम्ही-आम्ही समजू शकतो, पण घरात देव आहेत ना." तुम्ही-आम्ही! मी मान हलवली. शर्मिला, मी मान हलवली.

पहिल्याच घरी पेन कागदावर टेकवलं आणि पुढे गेलंच नाही. हातात त्यांच्या घरचा कप होता. वाटलं, हे लिहिलं तर तू गप्प बसणार नाहीस. पेपरात देशील, सभा घेशील. मग बायका विचारतील, हे बाहेर नेलं कोणी? ती गायकवाड कोण? म्हणून लिहिलं, वास येतो. दुसऱ्या घरी सोपं गेलं. सोळाव्या घरी तर त्यांचं बोलणं संपायच्या आत लिहून झालं होतं.

हे मी त्यांची अब्रू झाकायला केलं असं समजू नकोस. माझी झाकायला केलं.

आणखी एक. नाला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. धोंडिबामामांचं दार दिसतं. दोनशे पावलं असतील. तीन वर्षांत मी गेले नाही. मागच्या दिवाळीत मामा पिशवीत कारली घेऊन गेटवर आले, परसातली. वॉचमनने वर विचारलं, कोण आहे म्हणून सांगू? मी म्हटलं, कामाचा माणूस आहे, पिशवी ठेवून घे. मामांनी ते ऐकलं असणार. पिशवी ठेवून गेले.

ते गटार उघडं राहिलं ते माझ्यामुळे. तुझी नोकरी जाईल तीही माझ्यामुळे. आता तू काय करशील याची भीती आहे. पण तू विचारलंस म्हणून लिहिलं.

हिरा


दिल्ली
२६ एप्रिल २००६

वहिनी,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की पाणीही पिता येईना. हसू नका.

मग दुसरंच काही झालं. माझा प्रबंध, लेख, हे काम, सगळं त्या सोळा फॉर्मांवर उभं आहे. हे बाहेर आलं तर लेख मागे घ्यावा लागेल, पदवीचीही चौकशी होईल. लोक म्हणतील, घरच्याच बाईकडून फॉर्म भरून घेतले, तपासलेही नाहीत. ते खरंच आहे, मी तपासले नाहीत. वास हे उत्तर मलाही सोयीचं होतं. वासावर यंत्र मिळतं. तुम्ही जे ऐकलंत त्यावर मिळत नाही. येरवड्याच्या रांगेतून मी हे शोधायला निघाले होते, आणि तेवीस ठिकाणी एकच उत्तर आलं तरी मला शंका आली नाही.

आता तुमच्या पत्राशिवाय पुरावा काही नाही, आणि ते दाखवलं तर तुमचं नाव येतं. म्हणून ठरवलं आहे. अहवालात लिहिते, माहितीचा अभाव, जनजागृती हवी. असे अहवाल शेकड्याने असतात, कोणी काही विचारत नाही. करार बहुतेक वाढेल.

तुम्ही गप्प राहा, मीही राहते. हे पत्र फाडून टाका. मला झोप लागत नाही, वहिनी. तुम्हाला तीन वर्षं कशी लागली?

शर्मिला


वारजे, पुणे
७ मे २००६

चि. शर्मिला,

जयभीम.

पत्र फाडलं नाही. तुझ्या दादांना वाचून दाखवलं, माझं आणि तुझं, दोन्ही. ते म्हणाले, "पोरगी आपल्यासारखी व्हायला लागली." एवढंच. म्हणून मी हे केलं. तुला विचारून केलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

कोऱ्या फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या. त्या सोळांपैकी दोन घरं सोडून गेली आहेत, तेव्हा चौदा. बुधवारी सकाळी, पुरुष कामावर गेल्यावर निघाले. तुझ्या दादांनी रजा घेतली होती. ते माझ्याबरोबर दारापर्यंत आले नाहीत, पण प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या वळणावर चपलेचा अंगठा नीट करत उभे होते. चौदा वेळा.

प्रत्येक दारात एकच बोलले. पाठ केलं होतं. "मी हिरा गायकवाड. आम्ही बौद्ध आहोत. नाल्यापलीकडे माझे मामा राहतात. ती पाण्याची बाई माझी नणंद. तीन वर्षांपूर्वी तुम्ही नवव्या प्रश्नाला जे सांगितलंत ते मी लिहिलं नाही. आता सांगा, तेच लिहिते."

पहिल्या दारात मी चौकट धरून बोलले. सुशीलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला कधी विचारलं होतं का?" मी म्हटलं, नाही. "मग सांगताय कशाला?" मी फॉर्म पुढे केला. मग म्हणाल्या, "लिहा. वास येतो. तेव्हाही हेच सांगितलं होतं, तुम्हाला आठवत नसेल." चहाचं नाव नाही. दार लावताना मात्र हळू लावलं.

चौथ्या मजल्यावरची म्हणाली, "आमच्या मनात तसलं काही नसतं हं, आम्ही मानतच नाही. वास येतो, बाकी काही नाही." एकीने साखळी न काढता फटीतून सांगितलं, "वास, वास." एक रडायलाच लागली, का ते कळलं नाही. मीच तिला पाणी हवं का विचारलं आणि विचारल्यावर घाबरले.

तेरा दारांत तेरा वेळा 'वास येतो'. या वेळी त्यांच्याच तोंडचं, त्यांच्याच सहीने. तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेलं खोटं आता प्रत्येकीने आपलं म्हणून सांगितलं. तू म्हणशील, हा कसला पुरावा. मॅट्रिकच्या बुद्धीने मला वाटतं, हाच आहे. मी कोण हे माहीत नव्हतं तेव्हा त्या बोलल्या. कळलं तेव्हा त्यांना वास आला. दोन्ही वेळचं शेजारी शेजारी ठेव.

चौदावी दीपमाला. तिने मला आत घेतलं आणि दार लावलं. मग म्हणाली, "मी काय बोलली होती ते मले आठवते वहिनी. तुम्ही चहा पीत होत्या. कशी प्यायल्या हो तुम्ही तो चहा?" मी म्हटलं, साखर कमी होती. तिला हसू आलं नाही. फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि विहिरीचं, सासूचं, सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं. सही केली. मग एकदम घाबरली. "यांना सांगू नका. सासूबाईच्या कानावर गेलं ना..." आता ती मला घाबरते आणि मी तिला.

भीती गेली असं कळवणार नाही, कारण गेलेली नाही. बुधवारपासून आमची बेल वाजलेली नाही. दुधाच्या पिशव्या आम्ही चौघी मिळून घेत होतो, गुरुवारी तिघींच्याच आल्या. निकिताने विचारलं, "आई, तू सांगितलंस?" हो म्हटलं. ती खोलीत जाऊन बसली, अजून नीट बोलत नाही. मी रोज सकाळी दार उघडायच्या आधी कान लावून ऐकते, जिन्यात कोणी आहे का.

चौदा फॉर्म सोबत आहेत. जुन्या सोळा जणी काय बोलल्या तेही आठवून वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, खाली माझी सही, पूर्ण नाव, घर नंबर. त्या कागदावर नावं मात्र त्यांची घातली नाहीत, आणि फॉर्मवरच्या सह्या तू झाकून टाक. त्यांचं नाव बाहेर पडलं तर त्यांनाही तसंच वाटेल जसं मला वाटतं, ते मी कोणालाही वाटू देणार नाही. माझं घाल. अहवाल तुझा आहे, नोकरी तुझी आहे. लेख मागे घ्यावा लागला तर मला दोष देऊन मागे घे. माहितीचा अभाव असं मात्र लिहू नकोस. माहिती सगळ्यांना आहे.

अहवाल देण्याआधी ये. या वेळी कर्वेनगरला नाही, इथे. गेटवर वॉचमन विचारेल कोणाकडे. गायकवाडांकडे म्हण. सोसायटीत दोन गायकवाड आहेत, एक सी विंगेत. तो विचारेल, कोणते?

त्याला सांग कोणते.

तुझी
हिरा वहिनी